गायिका करार मोडून दुसऱ्या मंचावर गेली: कोर्टाकडून नक्की काय मिळतं?

तुमची हकीगत आधी माझ्या शब्दांत मांडतो. काही चुकत असेल तर पुढचं सगळं त्या मानाने बदलून वाचा. तुम्ही रंगमंचीय संगीत कार्यक्रमाचे निर्माते आहात. मुख्य गायिकेशी एक वर्षाचा लेखी करार आहे. वर्षभर ठरलेल्या तारखांना तुमच्याकडे गायचं, या काळात तुमच्या लेखी परवानगीशिवाय दुसऱ्या कोणाच्या जाहीर कार्यक्रमात गायचं नाही, करार संपल्यावरही वर्षभर ‘स्पर्धक’ निर्मात्याकडे जायचं नाही, आणि करार मोडला तर दहा लाख रुपये दंड. पाच महिने सुरळीत गेले. मग एका प्रयोगाला त्या आल्याच नाहीत आणि दोन दिवसांत दुसऱ्या निर्मात्याच्या जाहिरातीत त्यांचा फोटो झळकला. तुम्ही रागाच्या भरात व्हॉट्सॲपवर ‘आपला करार संपला, आता कोर्टात भेटू’ असा निरोप टाकलात. आधीच्या तीन प्रयोगांची नाइट, म्हणजे प्रयोगागणिक मानधन, द्यायची राहिली होती, तीही अडवून ठेवलीत.

आता तुम्ही विचारताय की कोर्ट त्यांना आपल्याकडे गायला लावेल का, समोरचा कार्यक्रम बंद पाडता येईल का, दहा लाख मिळतील का, आणि पोलिसांत जाता येईल का.

या चारही प्रश्नांच्या आधी एक प्रश्न येतो आणि तो मी पहिल्याच भेटीत विचारतो: तुम्हाला गायिका परत हवी आहे, दुसऱ्याकडे त्यांचं गाणं थांबायला हवं आहे, की पैसे वसूल करून मोकळं व्हायचं आहे? हे तिन्ही एकदम मागता येईल असं बहुतेकांना वाटतं. कायद्यात या वाटा काही अंतरावर फुटतात. एका वाटेवर चार पावलं टाकली की दुसरी मागे बंद होते, आणि तुमच्या त्या निरोपाने एक वाट अर्धी बंद केली असण्याची शक्यता आहे. त्याकडे येतोच. पुढचं सगळं भारतीय कायद्याप्रमाणे आहे आणि करारनामा न वाचता लिहिलेलं आहे, एवढं धरून चला.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे आणि त्यात पळवाट नाही. स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, म्हणजे विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३. त्याचं कलम १४ सांगतं की करार व्यक्तीच्या अंगच्या गुणांवर इतका अवलंबून असेल की कोर्टाला त्यातली मुख्य गोष्ट करवून घेता येणार नाही, तर तो करार तसाच्या तसा पाळायला लावता येत नाही. २०१८ मध्ये या कायद्यात मोठा बदल झाला. करारपूर्तीचा हुकूम देणं न देणं पूर्वी न्यायाधीशांच्या मर्जीवर होतं, ते बरंचसं गेलं. तेव्हा काही निर्मात्यांनी मला उत्साहाने फोन केले. पण कलावंताच्या बाबतीतला हा अपवाद त्या बदलानंतरही जागेवरच आहे. आणि तो योग्यच आहे. हुकूम निघाला आणि बाई मंचावर येऊन बेसूर गायल्या, तर ती हुकमाची पायमल्ली की घसा बसलाय, हे ठरवणार कोण?

मात्र गायला लावता येत नाही म्हणून दुसरीकडे गाण्यापासून रोखताही येत नाही, असं नाही. हा फरक ज्या खटल्यातून घट्ट झाला तो तुमच्या हकिगतीसारखाच आहे. १८५२ साली योहाना वाग्नर या जर्मन गायिकेने लंडनच्या हर मॅजेस्टीज थिएटरच्या बेंजामिन लम्लीशी तीन महिन्यांचा करार केला. आठवड्यातून दोन रात्री गायचं आणि त्याच्या लेखी परवानगीशिवाय इतरत्र गायचं नाही. कॉव्हेंट गार्डनच्या फ्रेडरिक जायने जास्त पैसे देऊ केले आणि बाई तिकडे निघाल्या. लॉर्ड चॅन्सेलर सेंट लेनर्ड्स यांनी सांगितलं की त्यांना गायला लावण्याचं साधन माझ्यापाशी नाही, पण जे न करण्याचं त्यांनी स्वतः कबूल केलं आहे, त्यापासून मी त्यांना रोखू शकतो. मनाई हुकूम कायम झाला.

हा विचार आपल्याकडे लवकर आला. १८७७ च्या जुन्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टमध्ये नेमकं हेच उदाहरण दिलं होतं: बारा महिने ब च्या थिएटरात गाण्याचा आणि इतरत्र जाहीरपणे न गाण्याचा करार. गायला लावता येणार नाही, दुसरीकडे गायला मनाई मात्र करता येईल. आजच्या कायद्यात हे तत्त्व कलम ४२ मध्ये आहे. करारात ‘हे करीन’ आणि ‘ते करणार नाही’ अशा दोन बाजू असतील, तर पहिली करवून घेता येत नाही म्हणून दुसरीबद्दल मनाई देण्यात अडचण नाही. ‘ते करणार नाही’ हे स्पष्ट शब्दांत नसलं, गर्भित असलं तरी चालतं असं कलम म्हणतं. तुमच्याकडे ते शब्दांत आहे, हे तुमचं बळ. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०२३ मध्ये एका लोकप्रिय भोजपुरी गायकाच्या प्रकरणात अशी अट अमलात आणून त्याला बाहेरच्यांसाठी नवी गाणी करण्यापासून रोखलं होतं. म्हणजे हे तत्त्व केवळ पुस्तकात राहिलेलं नाही.

पण कलम ४२ ला शेवटी एक परंतुक, म्हणजे ‘मात्र’ म्हणून जोडलेली अट, आहे आणि अशी निम्मी प्रकरणं तिथेच अडखळतात. मनाई मागणाऱ्याने करारातली आपली बाजू पाळलेली असली पाहिजे. तुमच्या तीन प्रयोगांच्या नाइटचं काय? तुम्ही लिहिलंत की ‘तो वेगळा विषय आहे’. तो वेगळा नाही. समोरचा वकील उभा राहून पहिलं वाक्य हेच म्हणेल की पैसे थकवले म्हणून आमच्या अशिलाला जावं लागलं. ते पैसे त्या जाण्याआधी देय झाले होते की नंतर, करारात मानधनासाठी काय मुदत आहे, आधी कधी उशीर झाला तेव्हा त्यांनी तक्रार केली होती का, यावर बरंच काही ठरेल. उत्तर काहीही असो, माझा सल्ला एकच: ही रक्कम आजच बँकेतून त्यांच्या खात्यात भरा आणि ‘इतर सर्व हक्क राखून’ असं पत्र सोबत पाठवा. ज्यांनी करार मोडला त्यांनाच वर पैसे द्यायचे, हे जिवावर येतं हे मला कळतं. तरी द्या. गायलेल्या रात्रींचे पैसे कायद्याने तुम्हाला कधीतरी द्यायचेच आहेत.

हे मी हवेत बोलत नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याच्या उदाहरणांत एक गायिका पुन्हा पुन्हा येते. आठवड्यातून दोन रात्री असे दोन महिने गायचं, रात्रीला शंभर रुपये, आणि सहाव्या रात्री ती मुद्दाम गैरहजर राहते. कलम ३९, ६५ आणि ७५ ही तिन्ही कलमं तिच्याच आधारे समजावून दिली आहेत. तुमच्यासारख्या निर्मात्यांना मी कलमं वाचायला सांगत नाही, ती उदाहरणं वाचायला सांगतो. कलम ३९ म्हणतं की सहाव्या रात्रीनंतर व्यवस्थापक करार संपवू शकतो. पण सातव्या रात्री त्याच्या संमतीने ती गायली, तर करार चालू ठेवायला तो राजी झाला असं धरलं जाईल. मग करार संपवता येणार नाही, फक्त सहाव्या रात्रीची भरपाई मागता येईल. कलम ७५ म्हणतं की करार संपवला तरी तो मोडल्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मिळेल. आणि कलम ६५ म्हणतं की करार संपवलात तर आधीच्या पाच रात्रींचे पैसे तिला द्यावे लागतील.

या उदाहरणांतून तुमच्या व्हॉट्सॲप निरोपाचं वजन कळेल. करार मोडला गेल्यावर तुमच्यापुढे दोन पर्याय होते: करार संपवणं किंवा जिवंत ठेवणं. ‘इतरत्र गाणार नाही’ ही अट कराराच्या काळापुरती आहे. करार तुम्हीच संपवला असेल, तर ‘काळ’ संपला आणि त्याबरोबर ती अटही गेली, असं समोरून म्हटलं जाईल, आणि त्यात दम आहे. मनाई हवी असणाऱ्याने करार संपवला असं कधीही लिहू नये.

मग आता काय? तो निरोप म्हणजे खरोखर करार संपवणं होतं की रागाचा उद्गार, हे आधीच्या-नंतरच्या वागण्यावरून ठरेल. त्यानंतर तुम्ही पुढच्या तारखा कळवल्या का, तालमीला बोलावलं का, त्यांनी ‘बरं, मग आपण दोघेही मोकळे’ असं उत्तर दिलं का? उत्तर दिलं असेल तर मनाईची आशा बरीच कमी धरा आणि भरपाईकडे वळा. दिलं नसेल तर वकिलामार्फत ताबडतोब नोटीस जाऊ द्या की करार आम्ही चालू समजतो, पुढच्या तारखा अशा आहेत, थकलेली रक्कम भरली आहे, हजर राहा. जाहिरात तुमच्या निरोपाच्या आधीची आहे हे दाखवणारे स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा. मूळचा निरोप मात्र पुसू नका. तो त्यांच्या फोनवर आहेच, आणि पुसलेला निरोप कोर्टात मूळ निरोपापेक्षा वाईट दिसतो.

मनाई किती व्यापक मागायची, यातही लोक घसरतात. हॉलीवूडची अभिनेत्री बेटी डेव्हिस करार मोडून इंग्लंडमध्ये काम करायला गेली, तेव्हा वॉर्नर ब्रदर्सने तिथे दावा लावला. १९३६ मध्ये निकाल लागलेलं हे प्रकरण. मनाई मिळाली, पण चित्रपट आणि रंगमंचापुरती आणि मर्यादित काळापुरती. तिला पोटापाण्याचं दुसरं काम मोकळं आहे, असा न्यायाधीशांचा युक्तिवाद होता. अभिनेत्रीने अभिनय सोडून दुसरं काही करून पोट भरावं हे बोलणं मला कधीच पटलं नाही, आणि पुढच्या इंग्रजी निकालांनाही ते फारसं पटलेलं नाही. १९६७ मध्ये ‘द ट्रॉग्ज’ या रॉक वाद्यवृंदाच्या व्यवस्थापकाने वृंदाला दुसरा व्यवस्थापक नेमायला मनाई मागितली, ती नाकारली गेली, कारण व्यवस्थापकाशिवाय वृंद चालत नाही आणि मनाई दिली तर त्यांना त्याच माणसाकडे परत ढकलल्यासारखं होईल. १९८९ च्या एका मुष्टियोद्ध्याच्या प्रकरणातही हाच सूर आहे. अट जितकी लांब आणि सर्वव्यापी, तितकी ती आडून केलेली सक्ती ठरते. तुमच्याकडे सातच महिने उरलेत, ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे. मागणी अरुंद ठेवा: उरलेल्या काळात तशाच प्रकारच्या रंगमंचीय कार्यक्रमात गाऊ नये. शिकवणी, ध्वनिमुद्रण, घरगुती बैठका मोकळ्या सोडा. अशी अर्धी मागणी पूर्ण मंजूर होण्याची शक्यता जास्त असते.

करार संपल्यानंतरच्या वर्षाची अट मात्र विसरून जा. करार कायद्याचं कलम २७ धंद्यावर बंधन घालणारा करार रद्दबातल ठरवतं. कराराच्या काळातलं वाजवी बंधन चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या गोलिकरी खटल्यात सांगितलं. नंतरचं बंधन चालत नाही. क्रिकेटपटू झहीर खान यांच्या व्यवस्थापन कराराबद्दलच्या २००६ च्या निकालात तर करार संपल्यानंतर फक्त ‘आधी आम्हाला विचारा’ एवढी अटही टिकली नाही. ती अट दाव्यात मागितलीत तर चांगल्या मागणीवरही शंका येते.

वेगाचं म्हणाल तर इथे सगळं काही तूर्तातूर्त मनाईवर, म्हणजे दावा चालू असतानाच मिळणाऱ्या तात्पुरत्या मनाईवर, ठरतं. अंतिम निकाल येईपर्यंत तुमचे सात महिने कधीच सरलेले असतील. कोर्ट तीन गोष्टी पाहतं: प्रथमदर्शनी बाजू, सोयीचा समतोल (मनाई दिल्याने किंवा नाकारल्याने कोणाची गैरसोय जास्त) आणि पैशाने भरून न येणारं नुकसान. यातली तिसरी दहा लाखांच्या अटीमुळे अडचणीत येते, कारण किंमत तुम्हीच ठरवली होती, मग ती घ्या आणि गप्प बसा, असं म्हटलं जातं. यावर उत्तर आहे: तो आकडा पर्याय म्हणून दिलेला नाही, आणि मुख्य आवाजच स्पर्धेत गेल्यावर कार्यक्रमाची जी पत जाते ती मोजता येत नाही. पण उशीर केलात तर हे उत्तर लंगडं पडतं. जाहिरात पाहून दोन महिने स्वस्थ बसलेल्याला घाई कसली, असं न्यायाधीश विचारतातच. करारात लवादाचं कलम, म्हणजे वाद कोर्टाऐवजी नेमलेल्या लवादाकडे नेण्याची अट, आहे का तेही पाहा. असेल तर दिवाणी दाव्याऐवजी लवाद कायद्याच्या कलम ९ खाली अंतरिम हुकूम मागावा लागेल, आणि तो मिळाल्यावर नव्वद दिवसांत लवाद सुरू करावा लागेल. दिवाणी कोर्टाचा मनाई हुकूम मोडला, तर मालमत्तेची जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. प्रत्यक्षात तिथवर क्वचित जातं. हुकूम हाती आला की समोरचा निर्माताच जाहिरातीतून फोटो काढतो.

त्या निर्मात्याबद्दल. लम्लीने जायवरही वेगळा दावा लावला होता, आणि करार माहीत असताना तो मोडायला लावणं हा स्वतंत्र दिवाणी अपराध आहे, हे १८५३ मध्ये त्यातूनच ठरलं. पण पुढे प्रत्यक्ष सुनावणीत ज्यूरीने जायच्या बाजूने कौल दिला, कारण करार बंधनकारक नाही असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं असं त्यांना दिसलं. म्हणून तुमच्या अटीची प्रत जोडलेली नोटीस त्या निर्मात्यालाही आजच पाठवा. त्यानंतर ‘मला माहीत नव्हतं’ हे म्हणायची सोय त्याला राहत नाही.

आता पैसे. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही कमाल मर्यादा असते. तिच्या आत जी वाजवी भरपाई असेल ती मिळते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद खटल्यात आणि २०१५ मध्ये कैलाशनाथ खटल्यात हे पुरेसं स्पष्ट केलं आहे. नुकसान सिद्ध करणं शक्य असेल तर ते करावंच लागतं. सिद्ध करणंच अशक्य असलं तरच लिहिलेल्या आकड्याला खरं महत्त्व येतं. त्यामुळे दहा लाख आपोआप हातात पडतील हे डोक्यातून काढा आणि कागद गोळा करा. रद्द प्रयोगाचं नाट्यगृहाचं भाडं, परत केलेले तिकिटांचे पैसे, वाया गेलेल्या जाहिराती, वादकांना दिलेले पैसे, बदली गायिकेला जास्त द्यावी लागलेली रक्कम, आणि त्यातून वजा तुमची वाचलेली नाइट. नफा बुडाला म्हणायचं असेल तर आधीच्या पाच महिन्यांचे प्रयोगवार हिशोब लागतील. ते व्यवस्थित नसतील तर दुसरी वाट आहे: वाया गेलेला खर्च मागणं. नट रॉबर्ट रीड ऐन वेळी मागे फिरल्यावर अँग्लिया टेलिव्हिजनने इंग्लंडमध्ये हेच केलं, आणि करारावर सही होण्याआधी झालेला खर्चसुद्धा मिळवला. नफा आणि तो कमावण्यासाठी केलेला खर्च दोन्ही मात्र एकावर एक मागता येत नाहीत.

बदली गायिका घ्यायला कचरू नका. नुकसान आटोक्यात ठेवण्यासाठी तुम्ही काय केलं, हे कलम ७३ खाली पाहिलंच जातं. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम २० मध्ये दुसऱ्याकडून काम करवून घेऊन खर्च वसूल करण्याची वेगळी तरतूद आहे, पण तिला किमान तीस दिवसांची लेखी नोटीस लागते. पुढच्या आठवड्याच्या प्रयोगाला ती कामाची नाही. गायिकेने उचल घेतली असेल तर न फिटलेला भाग परत मागा. ती वसुली सगळ्यात सोपी. आणि त्या खरोखर आजारी होत्या असं निघालं तर चित्र पार बदलतं. कायद्यातल्या दुसऱ्या एका उदाहरणात आजारी गायिकेने आगाऊ घेतलेले हजार रुपये परत करायचे आहेत, बुडालेला नफा द्यायचा नाही.

पोलिसांचं थोडक्यात: करार मोडणं म्हणजे फसवणूक नव्हे. सही करतानाच गायचं नाही असा डाव होता हे दाखवावं लागेल, आणि पाच महिने नियमित गायलेल्या कलावंताबद्दल ते दाखवता येणार नाही. तक्रार दिलीत तर दबाव आणण्यासाठी दिली असं दिसेल, आणि मनाईच्या अर्जात तुमचं वागणंही तोललं जातं.

माझ्याकडची अशी बहुतेक प्रकरणं तूर्तातूर्त मनाईच्या सुनावणीनंतर समजुतीच्या अटींवर मिटली. उरलेल्या तारखांपैकी काही तुमच्याकडे गाऊन द्यायच्या, किंवा नव्या निर्मात्याने ठरावीक रक्कम भरून त्यांना सोडवून घ्यायचं. वाग्नरबाईसुद्धा १८५६ मध्ये त्याच लम्लीच्या थिएटरात येऊन गायल्या. तेव्हा नोटिशीची भाषा अशी ठेवा की त्यानंतरही बोलणं शक्य राहील: करार चालू आहे, पैसे भरले आहेत, या तारखांना या, दुसरीकडे गाऊ नका. दहा लाखांचा आकडा त्यात शेवटच्या परिच्छेदात, ‘याखेरीज’ म्हणून टाका. तो पहिल्या ओळीत आला तर तुम्हाला फक्त पैसे हवे आहेत असा अर्थ निघतो, आणि मनाईच्या सुनावणीत समोरचा वकील ती ओळ वाचून दाखवतो.